सत्याची किंमत मोजणारे संपादक : बेंजामिन हॉर्निमन

मुंबईच्या कोट विभागातील हॉर्निमन सर्कल पूर्वी एल्फिन्स्टन सर्कल म्हणून ओळखले जाई. स्वातंत्र्यानंतर एका ब्रिटिश गव्हर्नराचे नाव जाऊन तेथे एका इंग्रज पत्रकाराचे नाव आले. हा मान त्यांना का लाभला, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. मायदेशी वृत्तपत्रांत उमेदवारी करून १९०६ साली ते कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये दाखल झाले. १९१३ साली सर फिरोजशहा मेहता यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’ निघू लागले आणि त्याचे संपादकपद हॉर्निमन यांच्याकडे आले. राज्यकर्त्यांच्याच भाषेत निघणारे हे पत्र प्रजेची बाजू निर्भीडपणे मांडू लागले.

१९१९ साली रौलट कायदा आला. त्याच्या प्रतिकारासाठी गांधीजींनी स्थापिलेल्या सत्याग्रह सभेचे हॉर्निमन उपाध्यक्ष झाले. १३ एप्रिल रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. पंजाबात लष्करी कायदा पुकारून तेथील बातम्या दडपण्यात आल्या. अशा वेळी ‘क्रॉनिकल’ स्वस्थ बसणार नाही, हे सरकार जाणून होते. एप्रिल संपण्यापूर्वीच आजारी हॉर्निमन यांना जहाजावर चढवून इंग्लंडला हद्दपार करण्यात आले. ‘क्रॉनिकल’चे बातमीदार गोवर्धन दास यांना तर तीन वर्षांचा कारावास घडला. पत्राच्या चालकांनी मग ‘यंग इंडिया’ची धुरा गांधीजींकडे सोपविली.

परंतु हद्दपारीने हॉर्निमन यांची लेखणी थांबली नाही. हत्याकांडाची छायाचित्रे त्यांनी गुप्तपणे इंग्लंडला नेली. तेथील ‘डेली हेरल्ड’मधून पंजाबचे वास्तव इंग्रज जनतेपुढे आले. १९२० साली त्यांनी या विषयावर पुस्तकही प्रसिद्ध केले. स्वदेशात राहूनच त्यांनी स्वदेशाच्या सत्तेला जाब विचारला.

भारतात परतण्यास त्यांना परवानगी नव्हती. अखेर १९२६ च्या जानेवारीत सिलोनमार्गे ते परत आले व पुन्हा ‘क्रॉनिकल’चे संपादक झाले. पुढे १९३३ पासून ‘बॉम्बे सेंटिनेल’ हे सायंदैनिक त्यांनी बारा वर्षे चालविले. १९४१ साली ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. भारत स्वतंत्र झालेला पाहून १९४८ साली त्यांनी जगाचा निरोप घेतला.

स्वकीयांचा अन्याय झाकणे म्हणजे देशनिष्ठा, असे मानणारे त्यांच्या काळीही पुष्कळ होते. हॉर्निमन यांनी मात्र न्यायाची कसोटी आपपर न पाहता सर्वांना सारखीच लावली आणि त्यापायी सात वर्षे आपल्या कर्मभूमीचा वियोग सोसला.