साहाय्याची हाक आणि तिचे मोल : कांगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा

घराला आग लागली की माणूस शेजाऱ्याला हाक मारतो. राष्ट्रावर तशी वेळ आली तर त्याच्या शासनाने कोणाला हाक मारावी? दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रश्नाचे उत्तर म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाकडे बोट दाखवले जाऊ लागले. आफ्रिकेतील कांगो या नव्या राष्ट्राने १९६० साली नेमकी तीच वाट धरली. स्वातंत्र्य मिळून अवघे बारा दिवस झाले असताना त्या देशाच्या शासनाने जगाकडे साहाय्य मागितले. जग धावूनही आले. परंतु ज्या पंतप्रधानाने ही हाक दिली, तो पुढील सहा महिन्यांत पदच्युत झाला, कैदी झाला आणि अखेर मारला गेला. त्या पंतप्रधानाचे नाव पॅट्रिस लुमुंबा. त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण परक्याचे साहाय्य मागणे आणि ते देणे या दोन्ही गोष्टी किती जबाबदारीच्या आहेत, हे त्यातून जसे कळते तसे क्वचितच अन्यत्र कळते.

टपाल कचेरीतील कारकून

लुमुंबा यांचा जन्म २ जुलै १९२५ रोजी कांगोच्या कासाई प्रांतातील ओनालुआ या खेड्यात, तेतेला जमातीतील एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील शेतकरी होते. बालपणीचे शिक्षण कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही मिशन शाळांतून झाले. कांगोत त्या काळी शिक्षणाचा भार प्रामुख्याने मिशनरी संस्थाच वाहत होत्या. प्राथमिक शाळा पुष्कळ होत्या, मात्र उच्च शिक्षणाचे दार स्थानिकांसाठी फार उशिरा उघडले. लिओपोल्डव्हिलजवळील लोव्हानियम हे कॅथलिक विद्यापीठ १९५४ साली सुरू झाले. परिणामी, १९६० साली स्वातंत्र्य आले तेव्हा एवढ्या मोठ्या देशात विद्यापीठाचे पदवीधर बोटांवर मोजण्याइतकेच होते.

देशाचा पूर्वेतिहासही दुःखाचाच होता. १८८५ ते १९०८ या काळात कांगो ही बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची जणू खाजगी मालमत्ता होती. रबराच्या हव्यासापायी तेथील प्रजेवर जे अत्याचार झाले, त्यांचा जगभर बोभाटा झाला, आणि १९०८ साली हा प्रदेश बेल्जियमच्या शासनाकडे गेला. त्यानंतर अत्याचारांची तीव्रता ओसरली, तरी वर्णभेद राहिला आणि राज्यकारभारात स्थानिकांना स्थान मिळाले नाही.

तरुण लुमुंबा स्टॅनलीव्हिल (आजचे किसांगानी) येथे टपाल खात्यात कारकून झाले. वाचनाचा नाद, फ्रेंच भाषेवर प्रभुत्व आणि अमोघ वक्तृत्व यांमुळे ते शिक्षित कांगोवासीयांत लवकरच पुढे आले. १९५६ साली टपाल खात्यातील पैशांच्या अफरातफरीबद्दल त्यांना अटक झाली, पुढे शिक्षा झाली व सुमारे वर्षभर तुरुंगवास घडला. सुटल्यावर ते राजधानी लिओपोल्डव्हिल (आजचे किन्शासा) येथे आले व एका बिअर कंपनीचे विक्रेते झाले. गल्लोगल्ली फिरताना त्यांचा सर्व जमातींच्या लोकांशी परिचय झाला, आणि हाच परिचय पुढे राजकारणात उपयोगी पडला.

ऑक्टोबर १९५८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कांगो राष्ट्रीय चळवळ हा पक्ष स्थापन केला. इतर बहुतेक पक्ष एकेका जमातीचे वा प्रांताचे होते. लुमुंबांचा पक्ष मात्र अखंड कांगोची भाषा बोलत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घानातील आक्रा येथे भरलेल्या अखिल आफ्रिकी परिषदेस ते उपस्थित राहिले. १९५९ साली स्टॅनलीव्हिल येथील दंगलीनंतर त्यांना अटक झाली. परंतु जानेवारी १९६० मध्ये ब्रुसेल्स येथे स्वातंत्र्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा त्यांना वगळून बोलणी होणे अशक्य ठरले, आणि त्यांना तुरुंगातून सोडून थेट परिषदेस नेण्यात आले. मे महिन्यातील निवडणुकीत १३७ पैकी ३३ जागा मिळवून त्यांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला. लुमुंबा पंतप्रधान झाले, तर तरुणपणी सेमिनरीत शिकलेले जोसेफ कासावुबू राष्ट्राध्यक्ष झाले.

बारा दिवसांचे स्वातंत्र्य

३० जून १९६० रोजी स्वातंत्र्यसोहळा झाला. बेल्जियमचे राजे बोदुआँ यांनी आपल्या भाषणात लिओपोल्ड दुसरा याच्या कार्याचा गौरव केला. कार्यक्रमपत्रिकेत नाव नसतानाही लुमुंबा उठले आणि वसाहतीच्या काळात प्रजेने सोसलेल्या अपमानांचा व कष्टांचा पाढा त्यांनी राजासमक्ष वाचला. कांगोची जनता हर्षभरित झाली, तर बेल्जियन पाहुणे संतापले. सत्य बोलण्याची ती वेळ योग्य होती काय, यावर आजही वाद होतो. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या मनात त्यांच्याविषयी जो संशय बसला, त्याची मुळे मात्र बरीचशी त्या दिवसात आहेत.

कांगोच्या सैन्यात सुमारे २५ हजार शिपाई होते, पण त्यांत एकही कांगोवासी अधिकारी नव्हता. स्वातंत्र्यानंतरही काही बदलणार नाही असे बेल्जियन सेनापतीने बजावताच ५ जुलै रोजी शिपायांनी बंड केले. युरोपीय कुटुंबांवर हल्ले झाले, स्त्रियांची विटंबना झाली आणि हजारो युरोपीय देश सोडून पळू लागले. आपल्या नागरिकांच्या रक्षणाचे कारण सांगून बेल्जियमने १० जुलै रोजी कांगोच्या शासनाची संमती न घेता सैन्य उतरवले. दुसऱ्याच दिवशी, ११ जुलै रोजी, मोईझ चोम्बे यांनी कातांगा प्रांत स्वतंत्र झाल्याची घोषणा केली.

कातांगा हा साधासुधा प्रांत नव्हता. तांबे, कोबाल्ट व युरेनियम यांच्या खाणी तेथे होत्या आणि राष्ट्राच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तेथूनच येई. बेल्जियन खाण कंपनीचा पैसा, बेल्जियन अधिकारी आणि पुढे भाडोत्री गोरे सैनिक यांच्या बळावर चोम्बे यांचे सशस्त्र दल उभे राहिले. लुमुंबा व कासावुबू विमानाने कातांगाच्या राजधानीकडे निघाले, तेव्हा त्यांचे विमान तेथे उतरूच दिले गेले नाही. आपल्याच देशाच्या एका शहरात पाऊल टाकण्याची मुभा पंतप्रधानास नव्हती!

हाक आणि प्रतिसाद

१२ जुलै रोजी दोघांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे तारेने लष्करी साहाय्य मागितले. सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी विलक्षण तत्परता दाखवली. १४ जुलैच्या पहाटे सुरक्षा परिषदेने ठराव संमत केला, आणि १५ जुलैस शांतिसेनेची पहिली तुकडी कांगोत उतरली. एका नवजात राष्ट्राच्या हाकेस जगाने इतक्या लवकर उत्तर द्यावे, ही इतिहासातील अपूर्व घटना होती.

परंतु हाक देणाऱ्याच्या मनात जे होते आणि धावून येणाऱ्याने जे मनात धरले होते, ते एक नव्हते. बेल्जियन सैन्य घालवावे आणि कातांगाचे बंड मोडण्यास शासनाला हात द्यावा, अशी लुमुंबांची अपेक्षा होती. शांतिसेनेने केवळ आत्मसंरक्षणार्थ शस्त्र चालवावे आणि अंतर्गत तंट्यात कोणाचीही बाजू घेऊ नये, अशी राष्ट्रसंघाची भूमिका होती. प्रत्येक पक्षाला आपली बाजू न्यायाचीच वाटत होती. लुमुंबांच्या दृष्टीने, ज्या बंडामागे परदेशी पैसा व परदेशी अधिकारी उभे आहेत ते बंड अंतर्गत नव्हतेच.

जुलैच्या अखेरीस ते स्वतः न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि ओटावा येथे गेले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांची भेट झाली नाही, परराष्ट्रमंत्र्यांशी बोलणी झाली. स्वतंत्रपणे मदत न देता सर्व मदत राष्ट्रसंघामार्फतच व्हावी, असे उत्तर त्यांना मिळाले. ऑगस्टमध्ये हॅमरशोल्ड कातांगात गेले तेव्हा त्यांनी वाटेत लुमुंबांची भेट घेतली नाही आणि थेट चोम्बे यांच्याशी बोलणी केली. दोघांमध्ये कडवट पत्रव्यवहार झाला आणि विश्वासाचा धागा तुटला.

मग लुमुंबांनी सोव्हिएत संघाकडे हात पसरला. विमाने व मालमोटारी आल्या. ते साम्यवादी होते असे मानण्यास सबळ आधार नाही, परंतु शीतयुद्धाच्या त्या काळात मॉस्कोची मदत घेणे म्हणजे वॉशिंग्टनचे वैर ओढवून घेणे होते. अमेरिकन गुप्तचर संस्थेने त्यांना विष देण्याचा बेत आखला होता, हे १९७५ साली अमेरिकन सिनेटच्या चौकशीत उघड झाले. तो बेत तडीस गेला नाही.

याच मदतीच्या जोरावर त्यांनी दक्षिण कासाईतील दुसऱ्या फुटीर राज्यावर सैन्य पाठवले. ऑगस्टच्या अखेरीस बाक्वांगा येथे त्या सैन्याने शेकडो बालुबा नागरिकांची कत्तल केली. त्या निरपराध जिवांचे ओझे त्यांच्या शासनाच्या खाती जमा आहे. बंड मोडण्याचा हक्क शासनाला असला, तरी निःशस्त्र प्रजेला मारण्याचा हक्क कोणालाच नाही. लुमुंबांचे चरित्र लिहिताना ही नोंद गाळणे आम्हांस उचित वाटत नाही.

दारावरचा पहारा

५ सप्टेंबर रोजी कासावुबू यांनी आकाशवाणीवरून पंतप्रधानांस बडतर्फ केले. लुमुंबांनी उलट राष्ट्राध्यक्षांस बडतर्फ केल्याचे जाहीर केले. संसदेने दोन्ही आज्ञा रद्द ठरवल्या. राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्यांनी शांततेसाठी विमानतळ व राजधानीचे आकाशवाणी केंद्र बंद केले. दिसावयास ही तटस्थता होती, परंतु वाणी हेच ज्याचे मुख्य बळ, त्या लुमुंबांचाच तिने सर्वाधिक तोटा झाला. १४ सप्टेंबर रोजी कर्नल मोबुटू यांनी सत्ता हाती घेतली.

लुमुंबा आपल्या निवासस्थानी अडकले. आतल्या वर्तुळात त्यांच्या रक्षणासाठी शांतिसेनेचे शिपाई आणि बाहेरच्या वर्तुळात त्यांना पकडण्यासाठी मोबुटूंचे शिपाई, अशी विचित्र अवस्था होती. त्या काळात राष्ट्रसंघाचे कांगोतील प्रतिनिधी भारताचे राजेश्वर दयाळ हे होते. पदच्युत पंतप्रधानाचे संरक्षण काढून घेण्यास त्यांनी नकार दिला आणि त्याबद्दल पाश्चात्त्य राष्ट्रांचा रोष पत्करला. २२ नोव्हेंबर रोजी आमसभेने कासावुबूंच्या शिष्टमंडळास कांगोचे प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. ज्या संस्थेला आपण बोलावले, तिनेच आपली जागा दुसऱ्यास दिली, हे लुमुंबांनी पाहिले.

२७ नोव्हेंबरच्या रात्री, वादळी पावसात, ते घरातून निसटले व स्टॅनलीव्हिलकडे निघाले. वाटेत लोक त्यांना ऐकण्यासाठी जमत आणि ते थांबत. डिसेंबरच्या आरंभी सांकुरू नदीच्या परिसरात ते पकडले गेले. घराबाहेर त्यांच्या रक्षणाची जबाबदारी आपली नाही, अशी राष्ट्रसंघाची भूमिका होती. त्यांना थिसव्हिलच्या लष्करी छावणीत कोंडण्यात आले. १७ जानेवारी १९६१ रोजी मॉरिस म्पोलो व जोसेफ ओकितो या दोन सहकाऱ्यांसह त्यांना विमानाने कातांगात, म्हणजे शत्रूच्याच हाती, सोपवण्यात आले. प्रवासभर त्यांना मारहाण झाली. त्याच रात्री कातांगाचे मंत्री व बेल्जियन अधिकारी यांच्या उपस्थितीत तिघांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढे त्यांचे मृतदेह उकरून, तुकडे करून आम्लात विरघळवण्यात आले, जेणेकरून कबरसुद्धा उरू नये. लुमुंबांचे वय तेव्हा ३५ वर्षांचे होते.

उशिरा आलेले साहाय्य

त्यांच्या मृत्यूची बातमी फेब्रुवारीत जगास कळली. २१ फेब्रुवारी १९६१ रोजी सुरक्षा परिषदेने यादवी टाळण्यासाठी, अखेरचा उपाय म्हणून, बळाचा वापर करण्यास शांतिसेनेस परवानगी दिली. लुमुंबांनी जे मागितले होते, त्याच्या जवळपास जाणारा हा ठराव त्यांच्या मृत्यूनंतर आला. भारताने त्यानंतर पायदळाची एक संपूर्ण ब्रिगेड कांगोस पाठवली. ५ डिसेंबर १९६१ रोजी कातांगाच्या राजधानीत रस्त्यावरील अडथळा मोडताना गुरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. त्याआधी १८ सप्टेंबर रोजी चोम्बे यांच्याशी शस्त्रसंधीची बोलणी करण्यास निघालेले हॅमरशोल्ड एन्डोलाजवळ विमान कोसळून मृत्यू पावले होते. हाक देणारा आणि हाकेस धावणारा असे दोघेही आठ महिन्यांच्या अंतराने त्याच संघर्षाचे बळी ठरले. कातांगाचे बंड जानेवारी १९६३ मध्ये संपले.

बेल्जियन संसदेच्या चौकशी समितीने २००१ साली आपल्या देशाची नैतिक जबाबदारी मान्य केली आणि २००२ साली बेल्जियमच्या शासनाने क्षमायाचना केली. देहाची विल्हेवाट लावणाऱ्या एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने स्वतःजवळ ठेवलेला लुमुंबांचा एक दात २० जून २०२२ रोजी कुटुंबीयांच्या स्वाधीन करण्यात आला. त्याच महिनाअखेरीस, स्वातंत्र्यदिनी, किन्शासा येथे त्याचे दफन झाले. एकसष्ट वर्षांनी त्या माणसास मूठभर माती लाभली.

कांगोचे दुःख त्याने सरले नाही. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ या बंडखोरांनी पूर्वेकडील गोमा शहर घेतले, तेव्हा तेथील शासनाने पुन्हा एकदा सुरक्षा परिषदेचे दार ठोठावले. खनिजे तीच, शेजाऱ्यांच्या हस्तक्षेपाची तक्रार तीच, आणि शांतिसेनेने कोठवर जावे हा प्रश्नही तोच.

लुमुंबा निर्दोष नव्हते. ते उतावीळ होते, शब्दाने शत्रू जोडत, आणि त्यांच्या सैन्याच्या हातून पाप घडले. तरीही लोकांनी निवडून दिलेला, देश एकसंध राहावा म्हणून झटणारा तो नेता होता, आणि त्याने मदत मागितली ती साऱ्या जगाने मिळून उभारलेल्या दारी. मदत मागणाऱ्याने ती कोणत्या अटींवर येत आहे हे आरंभीच पाहावे, हा या चरित्राचा एक धडा. दुसरा धडा मदत देणाऱ्यांसाठी आहे, आणि आम्हांस तो अधिक मोलाचा वाटतो. संकटग्रस्ताच्या दारावर पहारा ठेवला, पण तो दाराबाहेर पडताच त्याला वाऱ्यावर सोडले, तर त्या पहाऱ्यास साहाय्य म्हणता येत नाही. राष्ट्राराष्ट्रांत हे जितके खरे, तितकेच ते आपल्या शेजारधर्मातही खरे आहे.