अंगणात आलेली शाळा

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करताना त्यांचा माँटेसरी पद्धतीशी निकट परिचय झाला. एका वयाची सर्व मुले एकाच गतीने शिकत नाहीत. म्हणून सर्वांना एकच पाठ न देता ज्याने त्याने आपल्या कुवतीचे साधन उचलावे, कुणी मणी ओवीत राहावे, तर कुणी अक्षरांकडे वळावे, असे ही पद्धती मानते.

१९४५ साली ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी कार्य आरंभिले आणि या तत्त्वाची खरी कसोटी लागली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, पाने, बिया आल्या. हे तसे सोपे होते. परंतु दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली व अंगणवाडी झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी अनुताई वाघ यांच्या साथीने कुरणशाळा निघाली. गुरे चरत असत, तिथेच मुले शिकत.

१९७३ साली ताराबाईंचे निधन झाले. दोनच वर्षांनी केंद्र सरकारने बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले, अंगणवाडी.