दाबाला काटा लावणारे युजेन बूर्दाँ

थोर माणसांची चरित्रे आपण या भित्तिपत्रकात नेहमी वाचतो. या वेळी मी अशा एका संशोधकाची माहिती देत आहे, ज्यांचे नाव जगभरच्या कारखान्यांत घेतले जाते. त्यांचे नाव युजेन बूर्दाँ. आपल्याकडचे फिटर आणि आयटीआयची मुले त्यांच्या नळीला बोर्डन ट्यूब म्हणतात. पंक्चरच्या दुकानातली हवेची टाकी, साखर कारखान्याचा बॉयलर, दवाखान्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर, यांवर घड्याळासारखे गोल गेज असते ना? काट्याच्या तसल्या गेजच्या पोटात बहुतेक वेळा त्यांचीच नळी असते.

बूर्दाँ यांचा जन्म ८ एप्रिल १८०८ रोजी फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. मुलानेही व्यापारच करावा म्हणून त्याला तसेच शिक्षण दिले. जर्मन भाषा पक्की यावी म्हणून बूर्दाँ दोन वर्षे जर्मनीत न्यूरेंबर्ग शहरी राहिले. पण त्यांचे मन हिशेबाच्या वहीपेक्षा यंत्रांत जास्त रमत असे. वडील वारल्यानंतर त्यांनी व्यापार सोडला आणि १८३२ साली पॅरिसमध्ये स्वतःचा लहानसा कारखाना काढला. त्याच वर्षी त्यांनी वाफेच्या इंजिनाचा एक नमुना लोकांपुढे मांडला. त्याचे सिलिंडर काचेचे होते. आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत होते. मला वाटते, त्यांच्या पुढच्या कामाचे बीज इथेच आहे. जे आत दडलेले आहे ते बाहेर दिसले पाहिजे, हाच त्यांचा ध्यास होता.

त्या काळी सगळीकडे वाफेची इंजिने होती. बॉयलरमध्ये वाफेचा दाब फार वाढला की बॉयलर फुटे आणि माणसे मरत. म्हणून दाब मोजणे जरुरीचे होते. पण मोजायचा कसा? पारा भरलेली काचेची नळी वापरत. हवेच्या एका पट दाबाला ७६ सेंटिमीटर पारा चढतो. म्हणजे सहा पट दाब मोजायला साडेचार मीटरहून उंच नळी हवी. ती आपल्या वर्गाच्या छताच्याही वर जाईल! धावत्या, हादरणाऱ्या आगगाडीच्या इंजिनावर ती न्यायची कशी?

याचे उत्तर बूर्दाँ यांना एका बिघाडातून मिळाले. वाफेच्या इंजिनासाठी एका नळीचे वेटोळे तयार करताना नळी मध्येच चपटी झाली. दुसरा कोणी असता तर नळी भंगारात टाकून मोकळा झाला असता. बूर्दाँ यांनी तिचे एक तोंड बंद केले आणि दुसऱ्या तोंडातून पंपाने जोरात पाणी भरले. दाबामुळे चपटा भाग फुगून गोल होऊ लागला. पण त्याच वेळी त्यांना दुसरी एक गोष्ट दिसली. वेटोळे हळूहळू उलगडत होते!

जत्रेत कागदाची गुंडाळी असलेली पिपाणी मिळते. फुंकली की सरळ होते, फुंकर थांबली की परत गुंडाळते. तसेच हे आहे. धातूची चपटी नळी धनुष्यासारखी वाकवायची. एक टोक बंद ठेवायचे आणि दुसऱ्या टोकातून दाब आत सोडायचा. नळी थोडीशी सरळ होते आणि बंद टोक किंचित सरकते. त्या टोकाला दाते असलेला तुकडा आणि लहान चक्र जोडले की काटा फिरतो. दाब गेला की नळी पूर्ववत होते आणि काटा शून्यावर येतो. पारा नको की उंच काच नको. १८४९ साली बूर्दाँ यांनी या नळीचे पेटंट घेतले. १८५१ साली लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तिथे त्यांना पदक मिळाले.

सगळे सुखासुखी झाले असे मात्र नाही. ल्युसियाँ विदी या फ्रेंच संशोधकाने १८४४ साली पाऱ्याशिवाय चालणाऱ्या वायुदाबमापकाचे पेटंट घेतले होते. आपली कल्पना बूर्दाँ यांनी घेतली, असा त्यांनी दावा लावला. बरीच वर्षे कज्जा चालला आणि अखेर निकाल विदी यांच्या बाजूने लागला. तरीही बूर्दाँ यांनी काम सोडले नाही. १८७२ साली त्यांनी कारखाना मुलाकडे सोपवला, पण प्रयोग चालूच ठेवले. वाऱ्याचा वेग मोजायचे एक यंत्र तपासताना ते पडले आणि २९ सप्टेंबर १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. वय ७६ वर्षांचे होते. त्या वयातही ते मोजमापच करत होते!

आता कोणी विचारील, इतक्या दूरच्या माणसाचे आपल्याला काय? ते सांगतो. माझे अण्णा ट्रकवर ड्रायव्हर आहेत आणि मामांचे गॅरेज आहे. ट्रकच्या इंजिनात खाली तेल साठलेले असते. पंप ते तेल ओढून फिल्टरमधून बेअरिंगांपर्यंत पोचवतो. तेलाचा दाब म्हणजे जणू इंजिनाची नाडी. गरम इंजिन सावकाश चालताना दाब साधारण १ बार किंवा थोडा जास्त असतो, आणि वेगात बहुधा ३ ते ५ बार होतो. नक्की आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात बघावा. दाब गेला की धातूवर धातू घासतो, थोड्याच वेळात बेअरिंग जळते आणि इंजिन जाम होते. मग ट्रक उभा, भाडे बंद, आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच.

जुन्या ट्रकमध्ये इंजिनापासून ड्रायव्हरच्या समोरपर्यंत तेलाची बारीक नळी येई, आणि गेजमध्ये बूर्दाँ यांची नळी असे. आता तसे नाही. इंजिनावर सेन्सर असतो. तो दाबाचे विजेच्या इशाऱ्यात रूपांतर करतो आणि इंजिनाच्या संगणकाला कळवतो. मामा डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर लावतात आणि पडद्यावर आकडा वाचतात. मोठ्या ट्रकच्या संगणकांची जे-१९३९ नावाची एक ठरलेली भाषा आहे. तिच्यात तेलाच्या दाबाला १०० हा क्रमांक दिलेला आहे. आकडा किलोपास्कलमध्ये आला तर १०० किलोपास्कल म्हणजे १ बार समजायचे.

मागच्या उन्हाळ्यात कांदा भरलेला एक ट्रक गॅरेजला आला होता. लाल दिवा पेटला म्हणून ड्रायव्हरकाकांनी लगेच इंजिन बंद करून ट्रक ओढून आणला होता. मामांनी तेलाची पातळी बघितली, ती बरोबर होती. मग नुसती चावी फिरवून स्कॅनर लावला. इंजिन बंद असताना दाब शून्य दिसला पाहिजे, तसा तो दिसला. नंतर इंजिन जरासे चालू केले, तरी पडद्यावर शून्यच! मालकाचा चेहरा उतरला. इंजिन खोलायचे म्हणजे केवढा खर्च! पण मामांनी घाई केली नाही. इंजिन बंद करून त्यांनी सेन्सर काढला आणि त्या जागी काट्याचे साधे गेज बसवले. बसवण्याआधी काटा शून्यावर आहे ना, तेही पाहिले. इंजिन चालू करताच काटा उठला आणि ३ च्या पुढे जाऊन थांबला. वेग वाढवला तसा काटाही चढला. तेलाचा दाब ठणठणीत होता. दोष सेन्सरमध्ये होता. नवा सेन्सर बसवून ट्रक संध्याकाळी मार्गी लागला, आणि कांदाही वाचला.

यावरून मला एक गोष्ट समजली. स्कॅनर खोटे बोलत नाही, पण सेन्सरने जे सांगितले तेवढेच तो दाखवतो. सेन्सर बिघडला किंवा वायर तुटली, तर पडद्यावर चुकीचा आकडा येतो. काही इंजिनांत तर दिव्यापुरते बटन असते, तिथे खरा आकडा मिळतच नाही. बूर्दाँ यांच्या नळीत मात्र तेल स्वतः येऊन काटा ढकलते. म्हणून स्कॅनरवर वाचावे आणि शंका आली तर गेजवर पडताळून बघावे. पण ही शंका गॅरेजमध्ये काढायची, रस्त्यावर नाही. दिवा पेटला तर सेन्सरच खराब असेल असे म्हणून ट्रक पुढे दामटू नये, कारण काटाही शून्यावरच राहिला असता तर इंजिन हातचे गेले असते. ज्यांच्या घरी ट्रक किंवा ट्रॅक्टर आहे त्या सर्व पालकांना माझी ही नम्र विनंती आहे.

चपट्या झालेल्या नळीकडे नीट बघणाऱ्या या थोर संशोधकास माझे विनम्र अभिवादन!

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी