प्रोफेसर रिडबर्ग आणि तरंगसंख्या

आमच्या पालीजवळील अंबा नदीच्या संथ डोहांत खडा टाकिला असतां तरंग उठतात. एका वितीच्या अंतरांत असे किती तरंग मावतात, हें मोजून येणारा आंकडा म्हणजे तरंगसंख्या. तरंग जितका आंखूड तितकी ही संख्या मोठी. या साध्या कल्पनेचें चीज करणाऱ्या योहानेस रिडबर्ग यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्वीडन देशांतील हाल्मस्टाड या समुद्रकांठच्या गांवीं १८५४ सालीं त्यांचा जन्म झाला. चौथ्या वर्षींच पितृछत्र हरपलें. तथापि विद्याभ्यास न सोडतां १८७९ सालीं त्यांनीं लुंड विद्यापीठाची गणितांतील डॉक्टर ही पदवी संपादिली.

तापून प्रकाशणाऱ्या वायूचें तेज त्रिकोणी लोलकांतून पाहिलें असतां रंगीत रेषा दिसतात. त्यांच्या तरंगांची लांबी अनेकांनीं मोजिली होती. परंतु त्या आंकड्यांचा मेळ बसेना. रिडबर्ग यांनीं त्या लांबीनें एकास भागून एका सेंटिमीटरांत किती तरंग मावतात तें काढिलें. हायड्रोजनच्या तांबड्या रेषेचे असे सुमारें १५,२३० तरंग भरतात. ही मांडणी करितांच विस्कळित रेषा एका सूत्रांत ओंवल्या गेल्या. प्रत्येक रेषेची तरंगसंख्या ही दोन पदांची वजाबाकी ठरली. हें सूत्र त्यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध केलें. त्याचें कारण परमाणूच्या रचनेंत आहे, हें बोर यांनीं १९१३ सालीं दाखविलें.

एवढें कार्य करूनही प्राध्यापकपदासाठीं रिडबर्ग यांस १९०१ सालापर्यंत तिष्ठावें लागलें. १९१९ सालीं ते निवर्तले.

विद्यार्थ्यांनो, उदाहरण सुटेनासें झालें तर पाटी पुसूं नका. तेच आंकडे निराळ्या रीतीनें मांडून पाहा.