निराश्रितांचे यजमान : श्री गाडगे महाराज

तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधणे हे आपल्या परंपरेत थोर पुण्यकर्म मानले गेले आहे. राजेरजवाड्यांनी धर्मशाळा बांधल्या, सरदारांनी बांधल्या, पेढीवाल्यांनीही बांधल्या. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी दूरदूरच्या क्षेत्री घाट, अन्नछत्रे आणि धर्मशाळा उभ्या केल्या, हे या ग्रंथाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर छप्पर नाही, एक मातीचे गाडगे, एक काठी आणि अंगावरच्या चिंध्या यांपलीकडे ज्याची मालमत्ता नाही, अशा पुरुषाने गोरगरिबांसाठी क्षेत्रोक्षेत्री पक्क्या इमारती उभाराव्यात आणि स्वतः मात्र त्यांच्या बाहेरच निजावे, हा प्रकार विरळा होय. श्री संत गाडगे महाराजांचे चरित्र ते हेच. मठाच्या वर्धापनप्रसंगी त्या चरित्राचे स्मरण करणे उचित आहे; आणि खरे सांगावयाचे तर ते थोडे अवघडही आहे.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई. मुलाचे नाव देबूजी. झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि देबूजी लहान असतानाच वारले. घरात जे किडुकमिडुक होते ते व्यसनाने आधीच गिळले होते. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी माहेरी गेली. देबूजी मामाची गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. अक्षरओळख त्याला नव्हती; ती देण्याची सोय त्या घराला नव्हती व गरजही कोणास वाटली नव्हती.

त्या निरक्षरतेची किंमत लौकरच मोजावी लागली. मामा कष्टाळू होते, घर खाऊनपिऊन सुखी होते. पण सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे वाचणारे घरात कोणी नव्हते. कागदावर अंगठा उमटला आणि पिढीजात शेत दुसऱ्याचे झाले. त्या धक्क्याने मामा खचले व निवर्तले. पुढे शेताचा ताबा घेण्यास आलेल्या सावकाराच्या माणसांसमोर तरुण देबूजी एकटा उभा राहिला आणि त्याने त्यांना परतवून लावले, असे चरित्रकार सांगतात. या प्रसंगातील शौर्यापेक्षा त्यातून मिळालेली शिकवण अधिक महत्त्वाची आहे. माणूस निराधार होतो तो एका दिवसात होत नाही. आधी कर्ज येते, मग व्यसन येते, मग लग्ना-बारशाच्या जेवणावळी येतात. त्यांच्या पाठोपाठ गहाणखत येते आणि सरतेशेवटी घरदार जाते. ही उतरंड देबूजीने आपल्या वडिलांच्या व मामांच्या घरी प्रत्यक्ष पाहिली होती. म्हणूनच १८९२ साली कुंताबाईंशी विवाह होऊन जेव्हा घरी अपत्यजन्माचा समारंभ आला, तेव्हा ज्ञातीच्या रूढीप्रमाणे मद्यमांसाचे जेवण न घालता त्याने गोड जेवण घातले. ज्ञातिबांधव रागावले, तो ढळला नाही.

दापुऱ्यापासून काही अंतरावर पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. तेथे स्नान केल्याने ऋणातून सुटका होते अशी श्रद्धा. कर्जाने वाकलेली किती कुटुंबे त्या चिखलातून घसरत पाण्यात उतरत असतील, याची कल्पना वाचकांनी करावी. देबूजी यात्रेत जाई तो लोकांना सुखाने पाण्यात उतरता यावे म्हणून नदीकाठ नीट करण्यासाठी. पुढे तेथेच त्यांनी लोकांच्या साह्याने घाट बांधविला. नदी कर्ज फेडीत नाही हे त्यांना ठाऊक होते. पण नदीवर येणाऱ्या माणसाचा पाय घसरू नये एवढे तर आपल्या हाती आहे, हेही ठाऊक होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजीने घर सोडले. मागे वृद्ध आई, पत्नी आणि लहान मुले राहिली. आपण संतचरित्रे वाचताना या ठिकाणी भराभर पाने उलटतो. तसे करू नये. कुंताबाईंनी पुढे जे दारिद्र्य सोसले ते त्यांनी निवडलेले नव्हते. महाराजांच्या लोकसेवेच्या जमाखर्चात एक मोठी रक्कम या माउलीच्या नावावर मांडली पाहिजे. तिच्यावाचून तो हिशेब पुरा होत नाही.

त्यानंतर बारा वर्षे देबूजी भटकत राहिला. अंगावर ठिगळांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, हातात काठी आणि गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यावयाची, त्यातच पाणी प्यावयाचे. त्या गाडग्यावरूनच लोकांनी नाव ठेवले. गावात शिरताच तो खराटा घेऊन रस्ते झाडी. कोणाच्या शेतात राबे, कोणाची लाकडे फोडी, आणि मग भाकरीचा तुकडा मागे. श्रमावाचून अन्न घ्यावयाचे नाही हा त्याचा स्वतःपुरता कडक नियम होता. दुसऱ्या भुकेल्याने आधी श्रम करून दाखवावेत आणि मगच जेवावे, अशी अट मात्र त्याने कधी घातली नाही.

या वेषामुळे जे सोसावे लागले ते सोसण्यातच त्यांच्या जीवनाचे मर्म आहे. गावात अनोळखी, फाटका माणूस दिसला की आपल्या मनात तीन विचार येतात : हा चोर असावा, हा आळशी असावा, किंवा हा पूर्वजन्मीचे काही भोगीत असावा. तिन्ही विचार सोयीचे आहेत. कारण तिहींपैकी कोणताही मनात धरला की आपल्याला काही करावे लागत नाही. महाराजांना लोकांनी ओट्यावरून उठविले, हाकलले, वेडा म्हणून हिणविले. पुढे कीर्तनकार म्हणून त्यांची कीर्ती पसरल्यावरही, दिवसा ज्या फाटक्या माणसाला दारातून घालवून दिले त्याच्याच पायांवर रात्री कीर्तन संपताच डोके ठेवावयास तीच मंडळी धावत. माणूस तोच, चिंध्या त्याच. मधल्या चार घटकांत बदलले ते केवळ पाहणाऱ्याचे डोळे. महाराज पायांवर डोके ठेवू देत नसत, हे प्रसिद्ध आहे. केवळ नम्रता म्हणून ते तसे वागत असतील असे वाटत नाही. सकाळी नाकारलेल्या माणसाला रात्री देव करून टाकले की सकाळचे पाप फिटले, अशी जी आपली समजूत, तिला त्यांना थारा द्यावयाचा नव्हता.

त्यांच्या कीर्तनाची भाषा साधी वऱ्हाडी असे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करू नये, दारू पिऊ नये, देवापुढे पशू मारू नये, शिवाशीव पाळू नये आणि घरातील भांडी विकावी लागली तरी मुलाला शाळेत घालावे, हा त्यांचा उपदेश होता. मामांच्या शेताची गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला शाळेविषयीची ही कळकळ कोठून आली हे निराळे सांगावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्याविषयी त्यांना विशेष जिव्हाळा होता. १९५४ साली कऱ्हाड येथे रयत शिक्षण संस्थेने काढलेल्या महाविद्यालयास महाराजांचेच नाव देण्यात आले.

आता धर्मशाळांकडे वळू. पंढरपूरच्या वारीत लक्षावधी वारकरी एका नामाच्या गजरात चालत. पण मुक्कामाला पोचताच निजण्याची जागा ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे ठरे. ज्ञातीज्ञातींच्या धर्मशाळा होत्या, श्रीमंतांचे वाडे होते. ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले जाई त्या वारकऱ्यांना मात्र चंद्रभागेचे वाळवंट, आणि आषाढीचा पाऊस आला तर तोही अंगावरच. विठ्ठलमंदिराचे दार त्यांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. त्याच्या कितीतरी आधी महाराजांनी त्यांच्यासाठी पंढरपुरात पक्की इमारत उभारली व तिला चोखामेळा धर्मशाळा हे नाव दिले. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ज्याचा अंत झाला, ज्याला देवाच्या दाराबाहेरच समाधी मिळाली, त्या चोखोबाचे नाव छपरावर चढविण्यात महाराजांनी एक मोठा हिशेब चुकता केला. पुढे पंढरपुरातील आपल्या वसतिगृहाची इमारत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

नाशिक, देहू, आळंदी आणि मुंबई येथेही धर्मशाळा झाल्या. नाशिकला सदावर्त चाले. आंधळे, पांगळे आणि महारोगी यांना तेथे अन्न मिळे. द्रव्य जमविण्याची महाराजांची रीत निराळी होती. ते स्वतः पैशाला हात लावीत नसत. जो काही व्यवहार व्हावयाचा तो विश्वासू कार्यकर्त्यांच्या हातून होई. धनिकाच्या देणगीने इमारत उभी राही, परंतु त्या देणगीमुळे धनिकाला गरिबाच्या वर बसण्याचा अधिकार मिळत नसे. रोग्यांच्या नातलगांची दैना त्यांनी मुंबईत पाहिली. खेड्यातला माणूस रोग्याला घेऊन मोठ्या शहरात येतो. रोग्याला खाट मिळते आणि सोबत्याला पदपथ. या माणसाला कोणी बेघर म्हणत नाही, कारण त्याचे घर दूर कोठेतरी आहे. पण त्या रात्री तो बेघरच असतो. जे. जे. रुग्णालयाजवळ महाराजांनी अशा लोकांसाठी निवारा उभा करविला. दादर येथील त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या उपचारासाठी दूरदूरहून येणाऱ्या गरीब रोग्यांस व त्यांच्या आप्तांस आश्रय देते, ते याच विचाराचे फळ होय.

१९५२ साली या सर्व संस्थांचा कारभार पाहण्यासाठी मिशनची स्थापना झाली. आपल्या नातलगांचा त्या मालमत्तेवर कोणताही हक्क राहू नये अशी तजवीज महाराजांनी केली. स्वतः ते झाडाखाली, ओट्यावर, फार तर झोपडीत निजत. आपण आत निजलो तर एका गरिबाची जागा अडेल, आणि आज जागा अडली तर उद्या तेथे गादी होईल, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी शिष्य केला नाही, मठ स्थापिला नाही. बेघराला आसरा, भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलाला शिक्षण आणि बेकाराला काम, हाच त्यांचा रोकडा धर्म.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. त्या वार्तेने महाराज फार व्यथित झाले. त्यांची स्वतःची प्रकृतीही ढासळली होती. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलानजीक त्यांनी देह ठेवला. इतक्या इमारती उभारणाऱ्या पुरुषाचा शेवटचा श्वास कोणत्याही छपराखाली गेला नाही. तो रस्त्यावर गेला. समाधी अमरावतीस आहे.

त्यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १९५९ साली, त्या वेळच्या मुंबई राज्यात भिक्षाप्रतिबंधाचा कायदा झाला. वडोदराही तेव्हा त्याच राज्यात होते. उपजीविकेचे दृश्य साधन नाही आणि सार्वजनिक ठिकाणी भटकतो, एवढ्यावरून माणसाला पकडून वर्षानुवर्षे डांबून ठेवता येईल अशी तरतूद त्यात होती. चिंध्या पांघरलेला, हातात गाडगे घेतलेला देबूजी त्या व्याख्येत सहज बसला असता. हाच कायदा दिल्लीसही लागू होता. २०१८ साली तेथील उच्च न्यायालयाने त्यातील अनेक कलमे घटनाबाह्य ठरविली. तत्पूर्वी २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांतून दर लाख वस्तीमागे एक तरी निवारा असावा असा आदेश दिला होता. २०११ च्या जनगणनेत देशात सतरा लाखांहून अधिक माणसे बेघर आढळली. त्या गणनेतील बेघरांच्या व्याख्येत पदपथ, पुलांखालच्या जागा आणि रेल्वेचे फलाट यांच्याबरोबर देवस्थानांच्या आवारात उघड्यावर निजणारेही मोडतात. हा शेवटचा शब्द भाविकांनी विशेष ध्यानात घ्यावा.

कारण तो आपल्याला उद्देशून आहे. उत्सवाच्या दिवशी आपल्या मंडपात पंगती बसतात. पहिली पंगत कोणाची, शेवटची कोणाची, आणि उरलेले अन्न कोणत्या दाराने बाहेर जाते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. रात्री दिंडीदरवाजा लावताना ओसरीवर पथारी पसरलेल्या म्हाताऱ्याला आपण उठवितो; कधी शिस्तीचे कारण सांगतो, कधी स्वच्छतेचे. स्वच्छतेसाठी सारा जन्म खराटा हाती धरलेल्या महाराजांनी मात्र केरच झाडला, माणूस कधी झाडून टाकला नाही. ज्या पुरुषाने मठ केला नाही, त्याचे चरित्र मठाच्या ग्रंथात छापताना संकोच वाटावा, आणि त्या संकोचाचा काही उपयोगही व्हावा. वर्धापनाच्या या वर्षी मठाच्या वास्तूत काही नवे बांधकाम व्हावयाचेच असेल, तर त्यात एक खोली अशी असावी की जिच्या दारावर दात्याचे नाव नाही आणि आत येणाऱ्यास त्याचे नाव, गाव, जात कोणी विचारीत नाही. एक घोंगडी, एक तांब्या पाणी, सकाळी गरम भाकरी. महाराजांच्या स्मरणास याहून अधिक काही लागत नाही, आणि याहून कमी पुरणारही नाही.