विश्लेषण : ‘शाम्पू’ म्हणजे मालिश! ब्रिटिश राजाचे ‘शाम्पूइंग सर्जन’ दीन महंमद कोण होते?

शाम्पू म्हटले की आज केस धुणे आठवते. पण दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता अंग दाबून, रगडून मालिश करणे. हिंदीतील ‘चाँपना’ या क्रियापदावरून तो आला. मराठीत आपण पाय चेपतो, तसेच काहीसे. ही मालिश ब्रिटनमध्ये लोकप्रिय केली पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी.

पाटण्याहून इंग्लंडला कसे पोहोचले?

जन्म 1759चा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात होते. ते मारले गेल्यावर लहानगे दीन महंमद कॅप्टन गॉडफ्री बेकर यांच्यासोबत छावणीत राहू लागले. 1782 मध्ये त्यांनी सैन्य सोडले आणि बेकर यांच्याबरोबर आयर्लंडमधील कॉर्क गाठले. तिथे जेन डेली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1794 मध्ये त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. भारतीयाने इंग्रजीत लिहिलेले हे पहिले पुस्तक मानले जाते.

पुढे लंडनमध्ये बेसिल कॉक्रेन यांच्या बाष्पस्नानगृहात त्यांनी काम केले. 1810 मध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ काढले. हुक्का आणि भारतीय जेवण देणारे हे उपाहारगृह दोन वर्षांतच बुडाले. वयाच्या 53व्या वर्षी दिवाळे, घरात मुलेबाळे. मग 1814 मध्ये त्यांनी ब्रायटन गाठले.

मालिश नेमकी कशी होती?

समुद्रस्नानाने तब्येत सुधारते, या समजुतीने श्रीमंत लोक ब्रायटनला येत. त्यात सांधेदुखीचे रुग्ण पुष्कळ. दीन महंमद त्यांना आधी औषधी वनस्पतींच्या वाफेत बसवत. घाम सुटला की फ्लॅनेलच्या तंबूत घेत. तंबूला बाह्या असत. मालिश करणारा बाहेर उभा राहून फक्त हात आत घाली आणि अंग रगडे. आब राखणाऱ्या इंग्रजांसाठी ही सोय मोलाची ठरली असणार! स्त्रियांचा विभाग जेन सांभाळत. बरे झालेल्यांनी सोडलेल्या कुबड्या भिंतीवर टांगलेल्या असत. तेव्हाची जाहिरातच ती. पुढे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्यांना ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमले.

दावे किती खरे?

1822च्या आपल्या पुस्तकात त्यांनी संधिवातापासून दमा आणि पक्षाघातापर्यंत गुण येतो असे सांगितले. शिवाय स्वतःचे वय दहा वर्षांनी वाढवून त्या काळात वैद्यकीय शिक्षण घेतल्याचे लिहिले. ते खरे नव्हते. उष्णतेने आखडलेले स्नायू सैल होतात, मालिशने दुखणे काही काळ हलके होते, इतके मान्य करता येते. दमा आणि पक्षाघात बरा होण्याची गोष्ट वेगळी. मात्र त्या काळचे पदवीधर डॉक्टर रक्त काढण्यासाठी जळवा लावत, हेही विसरता कामा नये.

आज स्पामध्ये मिळणारा ‘स्वीडिश मसाज’ ही वेगळी परंपरा. ती स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांच्या नावाने ओळखली जाते. पण हातांचे ठरावीक प्रकार रूढ केले ते नेदरलँड्सचे डॉक्टर योहान मेझगर यांनी.

अखेर कशी झाली?

स्नानगृहाची इमारत त्यांच्या मालकीची नव्हती. 1840च्या दशकात ती हातची गेली. त्यानंतर लहान जागेत काम सुरू राहिले. 1851 मध्ये ब्रायटनमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांचे नातू फ्रेडरिक अकबर महोमेद रीतसर पदवी घेऊन डॉक्टर झाले. लंडनच्या गाइज रुग्णालयात त्यांनी उच्च रक्तदाबावर महत्त्वाचे संशोधन केले.