फ्रान्सिस ड्रेक

सर फ्रान्सिस ड्रेक (जन्म: इ.स. १५४० च्या सुमारास, टॅव्हिस्टॉक, डेव्हन, इंग्लंड. मृत्यू: २८ जानेवारी, इ.स. १५९६, पोर्तोबेलोजवळ समुद्रात) हा इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीतील दर्यावर्दी, खासगी लढाऊ जहाजांचा कप्तान व आरमारी अधिकारी होता. स्वतःच्या नेतृत्वाखाली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा तो पहिला इंग्लिश कप्तान होय. इंग्लंडमध्ये त्याची गणना राष्ट्रवीरांत होते, तर स्पॅनिश इतिहासात तो समुद्री चाचा म्हणून ओळखला जातो. ज्या घटनेने त्याच्या आयुष्याला दिशा दिली ती त्याच्या तरुणपणी, मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील एका बंदरात घडली.

पूर्वायुष्य

फ्रान्सिस हा एडमंड ड्रेक याच्या बारा मुलांपैकी थोरला. हे कुटुंब टॅव्हिस्टॉकजवळ क्राउनडेल येथे राहत असे. फ्रान्सिसच्या बालपणीच वडिलांनी डेव्हन सोडून केंट गाठले. पंथीय छळामुळे त्यांना पळावे लागले, असे पुढे घरात सांगितले जाई. मात्र चोरीचा आरोप हेही त्यामागील एक कारण असल्याचे उपलब्ध नोंदींवरून दिसते. केंटमध्ये मेडवे नदीत नांगरून ठेवलेल्या एका जुन्या जहाजाच्या सांगाड्यात कुटुंबाचा संसार होता. वडील खलाशांना प्रोटेस्टंट पंथाचे प्रवचन देत. मुलगा मात्र लहान वयातच शेजारच्या एका वृद्ध नाखव्याकडे उमेदवारीला लागला. किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणाऱ्या, कधी फ्रान्स व झीलंडपर्यंत जाणाऱ्या त्या लहान गलबतावर तो नौकानयन शिकला. नाखव्याला मूलबाळ नव्हते. मरताना त्याने गलबत फ्रान्सिसच्या नावे केले. पुढे ते विकून ड्रेक प्लिमथच्या हॉकिन्स या नातलग घराण्याच्या चाकरीत शिरला.

सान हुआन दे उलुआ

हॉकिन्स घराणे ज्या धंद्यात होते तो गुलामांचा व्यापार होता. इ.स. १५६६ मध्ये जॉन लव्हेलच्या सफरीत आणि इ.स. १५६७ मध्ये जॉन हॉकिन्सच्या सफरीत ड्रेक सामील झाला. दुसऱ्या सफरीत पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून चारशेहून अधिक माणसे पकडून वा विकत घेऊन कॅरिबियनमधील स्पॅनिश वसाहतींना विकण्यात आली. ड्रेकच्या चरित्राचा हा भाग जुन्या इंग्लिश चरित्रकारांनी बहुधा आवरून घेतला आहे.

परतीच्या वाटेवर वादळाने ताफा खिळखिळा झाला. राणीच्या मालकीचे 'जीझस ऑफ ल्यूबेक' हे मोठे जहाज गळू लागले. दुरुस्तीसाठी हॉकिन्सने सप्टेंबर, इ.स. १५६८ मध्ये व्हेराक्रूझसमोरील सान हुआन दे उलुआ या बंदराचा आश्रय घेतला. दुसऱ्याच दिवशी स्पॅनिश ताफा तेथे पोहोचला. त्यावर मेक्सिकोचा नवा व्हाइसरॉय मार्तिन एन्रिकेस होता. दोन्ही बाजूंनी ओलीस देऊन समझोता झाला. परंतु २३ सप्टेंबरला स्पॅनिशांनी अचानक हल्ला चढवला. एन्रिकेसच्या दृष्टीने बंदरात परवान्याविना शिरलेल्या चाच्यांना दिलेले वचन बंधनकारक नव्हते. इंग्लिशांच्या दृष्टीने हा उघड विश्वासघात होता. 'जीझस' सोडून द्यावे लागले. केवळ दोन जहाजे निसटली: हॉकिन्सचे 'मिनियन' आणि ड्रेकच्या ताब्यातील पन्नास टनी 'जुडिथ'.

त्या रात्री ड्रेक एकटाच पुढे निघून गेला. 'मिनियन'वर सुमारे दोनशे माणसे होती व अन्न जवळजवळ नव्हते. त्यांपैकी शंभरेक जणांना मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरवावे लागले. त्यांतील अनेकांना पुढे इन्क्विझिशनच्या न्यायासनासमोर उभे राहावे लागले. जानेवारी, इ.स. १५६९ मध्ये ड्रेक प्लिमथला परतला, काही दिवसांनी हॉकिन्सही आला. 'जुडिथ'ने संकटात आपली साथ सोडली, असा आरोप हॉकिन्सने छापील वृत्तांतात केला. ड्रेकने त्याचे उत्तर कधी दिले नाही. त्याच्या पुढील सूडबुद्धीत स्पॅनिशांवरील रागाबरोबर हा डाग पुसण्याची धडपडही असावी, असे मानण्यास जागा आहे.

विवाह

घरी परतल्यावर सहा महिन्यांच्या आत, ४ जुलै, इ.स. १५६९ रोजी, प्लिमथजवळील सेंट ब्यूडो येथील चर्चमध्ये ड्रेकचा मेरी न्यूमन हिच्याशी विवाह झाला. तेव्हाही तो पुरता किनाऱ्यावर रमला नाही. इ.स. १५७० व १५७१ मध्ये त्याने कॅरिबियनच्या दोन लहान सफरी केल्या व पनामाच्या संयोगभूमीची टेहळणी केली. पेरूची चांदी पॅसिफिक किनाऱ्यावर उतरते, खेचरांच्या तांड्यावरून जंगलातून नोम्ब्रे दे दियोसला येते आणि तेथून स्पेनला जाते, ही व्यवस्था त्याने जवळून न्याहाळली.

पनामाची मोहीम

२४ मे, इ.स. १५७२ रोजी 'पास्को' व 'स्वान' ही दोन लहान जहाजे आणि ७३ माणसे घेऊन ड्रेक निघाला. बहुतेक सर्व तिशीच्या आतले होते. त्याचे दोन सख्खे भाऊ, जॉन व जोसेफ, त्यांत होते. जुलैमध्ये नोम्ब्रे दे दियोसवरील रात्रीचा हल्ला फसला. पायाला गोळी लागून रक्तस्रावाने ड्रेक कोसळला आणि सहकाऱ्यांनी त्याला उचलून नावेत घातले.

यानंतर त्याला आधार मिळाला तो सिमारोनांचा. स्पॅनिश मालकांच्या तावडीतून पळून जंगलात वसलेल्या आफ्रिकी लोकांना हे नाव होते. दिएगो नावाच्या पळून आलेल्या गुलामाने त्यांच्याशी गाठ घालून दिली. पाच वर्षांपूर्वी आफ्रिकी माणसे विकणारा ड्रेक आता त्यांच्याच बांधवांच्या भरवशावर जगत होता. पावसाळा लपूनछपून काढताना जॉन एका स्पॅनिश जहाजावर चढाई करताना मारला गेला. जोसेफ तापाने दगावला. रोगाचे कारण कळावे म्हणून ड्रेकने भावाच्या शवाचे विच्छेदन करवले.

फेब्रुवारी, इ.स. १५७३ मध्ये सिमारोनांनी त्याला डोंगरमाथ्यावरील एका उंच झाडावर चढवले. तेथून एका बाजूस अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूस पॅसिफिक महासागर दिसत होता. या पाण्यात इंग्लिश जहाज हाकण्याचा निश्चय त्याने तेथेच केला. तांड्यावरील पहिला छापा एका दारू प्यायलेल्या खलाशाच्या घाईमुळे वाया गेला. दुसरा, फ्रेंच कप्तान गियोम ल तेस्त्यू याच्या साथीने, नोम्ब्रे दे दियोसच्या वेशीजवळच यशस्वी झाला. चांदी एवढी होती की ती उचलता येईना. बरीचशी खेकड्यांच्या बिळांत व झाडांखाली पुरावी लागली. जखमी ल तेस्त्यू मागे राहिला व स्पॅनिशांनी त्याला ठार केले. किनाऱ्यावर नावा नव्हत्या, तेव्हा ड्रेकने ओंडक्यांचा तराफा बांधला, बिस्किटाच्या पोत्याचे शीड केले आणि त्या शोधून काढल्या. ९ ऑगस्ट, इ.स. १५७३ या रविवारी तो प्लिमथला पोहोचला. बातमी पसरताच प्रवचन सोडून लोक चर्चबाहेर धावले, असे सांगतात. निघालेल्यांपैकी निम्म्याहून कमी परत आले होते.

पृथ्वीप्रदक्षिणा

१३ डिसेंबर, इ.स. १५७७ रोजी ड्रेक पाच जहाजांनिशी पुन्हा निघाला. वाटेत सहकारी थॉमस डाउटी याला बंडखोरीच्या आरोपावरून त्याने देहदंड दिला. हा निवाडा आजही वादग्रस्त आहे. मॅगेलनची सामुद्रधुनी ओलांडल्यावर पॅसिफिकमध्ये 'गोल्डन हाइंड' हे एकच जहाज त्याच्याजवळ उरले. १ मार्च, इ.स. १५७९ रोजी त्याने चांदीने भरलेले 'काकाफुएगो' लुटले. त्यात सुमारे २६ टन चांदी होती.

त्यानंतर महिन्याभरात पकडलेल्या फ्रान्सिस्को दे सारात या स्पॅनिश उमरावाला ड्रेकने आपल्या मेजावर जेवू घातले आणि जहाजावर व्हाइसरॉय एन्रिकेसचे कोणी आप्त वा सामान आहे का, याची चौकशी केली. एन्रिकेस तेव्हाही मेक्सिकोत सत्तेवर होता. त्याची गाठ पडावी ही इच्छा, त्या विश्वासघाताला दहा वर्षे उलटूनही, ड्रेकने लपवली नाही. सारातने सुटकेनंतर हा सारा प्रसंग पत्राने कळवला, तो खुद्द एन्रिकेसलाच. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही.

लवंगांच्या तेर्नाते बेटावरून, आफ्रिकेला वळसा घालून ड्रेक २६ सप्टेंबर, इ.स. १५८० रोजी प्लिमथला परतला. एप्रिल, इ.स. १५८१ मध्ये डेटफर्ड येथे जहाजावरच त्याला सर हा किताब देण्यात आला. त्याच वर्षी तो प्लिमथचा महापौर झाला व बकलंड ॲबीची वास्तू त्याच्या ताब्यात आली. मेरीला हे वैभव फार काळ लाभले नाही. जानेवारी, इ.स. १५८३ मध्ये ती निपुत्रिक वारली व लग्न झालेल्या त्याच चर्चमध्ये तिचे दफन झाले. बारा-तेरा वर्षांच्या संसारातील निम्म्याच्या आसपास काळ नवरा समुद्रावर होता. तिच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले. लोककथेने उचलले ते दुसऱ्या पत्नीला, एलिझाबेथ सिडनॅमला: ती दुसऱ्याशी लग्नाला उभी असताना ड्रेकने समुद्रावरून डागलेला तोफगोळा समोर पडला, अशी ती कथा. तिला समकालीन पुरावा नाही. हा विवाह इ.स. १५८५ मध्ये झाला.

स्पेनशी युद्ध व मृत्यू

इ.स. १५८५-८६ मध्ये ड्रेकने सान्तो दोमिंगो व कार्ताहेना ही शहरे लुटली. इ.स. १५८७ मध्ये कादिझ बंदरातील जहाजे जाळून त्याने स्पॅनिश आरमाराची स्वारी वर्षभर लांबवली. त्याच मोहिमेत अझोरेसजवळ त्याने भारताकडून परतणारे पोर्तुगीज जहाज 'साओ फिलिपे' पकडले. त्यावरील मसाले, कापड व कागदपत्रांवरून पौर्वात्य व्यापारातील नफ्याचा अंदाज इंग्लिश व्यापाऱ्यांना आला. इ.स. १५८८ मध्ये आर्माडाविरुद्ध तो उपसेनापती होता. त्याच्या जहाजाचे नाव 'रिव्हेंज', म्हणजे सूड, असे होते.

इ.स. १५८९ ची लिस्बन मोहीम अपयशी ठरली व तो काही वर्षे मर्जीतून उतरला. इ.स. १५९५ मध्ये तो आणि जॉन हॉकिन्स शेवटचे एकत्र निघाले. हॉकिन्स पोर्तो रिकोजवळ वारला. पनामाची चढाई या वेळी रानातच अडली, आणि अतिसाराने ड्रेकचा पोर्तोबेलोसमोर जहाजावरच अंत झाला. त्याचे शव शिशाच्या पेटीत घालून समुद्रात सोडण्यात आले. ती पेटी अद्याप सापडलेली नाही.